पंधरापर्यंत

तबस्सुमने पंप मंद केला,
तीनशेवरून शंभरावर,
आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटू लागली.
मी म्हटलं, दुवा मागतेस का गं?
"गप्प बसा काका, मोजतेय.
पंधरापर्यंत थांबायचं असतं,
मगच रक्त घ्यायचं."

रोशन कधी थांबला नाही.
चार तास भरले, मशीन किंचाळलं,
की सुई, बाटली, झाकण, पुढची खाट.
त्याच्या कागदावर युरिया
चढताना एकशे अडतीस, उतरताना छत्तीस.
"चौऱ्याहत्तर टक्के साफ! खैरनार काका, पार्टी!"
मी खरंच चिवडा नेला होता अर्धा किलो,
सगळ्या वॉर्डाला वाटला,
मला मीठ वर्ज्य, म्हणून नुसता वास घेतला.

आज एकशे बेचाळीस, अठ्ठावन्न.
एकोणसाठ टक्के.
पासष्टच्या खाली नापास.

"पंप जोरात असला की
धुतलेलं रक्त वळून येतं सुईपाशी,
नमुन्यात तेच सापडतं.
आकडा छान येतो,
पण तो तुमचा नसतो."

पोरी, हे तू मला सांगतेस?
एकतीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढली,
गोदावरीची पट्टी वाचत.
पहिल्याच दिवशी गायधनी साहेब म्हणाले होते,
भोवऱ्यात पट्टी वाचू नये,
पाण्याला आधी त्याचं खरं बोलू द्यावं.

शहराला मात्र माझे मीटर नकोच असायचे.
गंगापूरचं पाणी सोडलं की फोन,
"मारुतीच्या कुठवर आलंय?"
गुडघा म्हटलं की चहा पीत राहायचे,
कंबर म्हटलं की दुकानं आवरायचे,
छाती म्हटलं की फोन ठेवायचे.
दुतोंड्या तो, त्याला सोपं आहे.
एक तोंड येणाऱ्या पाण्याकडे,
एक गेलेल्या.
चढताना, उतरताना,
दोन्ही आकडे त्याला दिसतात
आणि तो कुणाला पेढे मागत नाही.

एक सांगायचं राहिलंय.
एका ऑगस्टात, रात्री दोन, तीन आणि चारचं वाचन
मी घोंगडीत पडून लिहिलं.
ताप नव्हता. झोप होती.
आधीच्या आकड्यांवरून बेतलं,
हळूहळू उतरत जाणारं, देखणं.
पाचला गेलो तेव्हा पट्टीच दिसेना.
सराफ बाजारात एका सोनाराची वजनं गेली,
पितळेची, गुंजेपर्यंतची.
माणूस कुणी गेलं नाही.
कुणी वही मागितली नाही.
असतील अजून कुठल्यातरी कपाटात
ते तीन आकडे, निळ्या शाईत,
माझ्या सर्वांत सुरेख अक्षरात.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास वाढवू.
म्हणजे साडेचार.
म्हणजे ओझरची बस गेली.
बायको म्हणाली, मग काय, पुढची येत नाही का?

रात्री झोप लागत नाही.
पूर ओसरला तरी शेतं
दिवसभर पाझरतच राहतात नदीत,
तसं मांसातलं, हाडाजवळचं
निवांत येत राहतं रक्तात.
तो एकोणसाठसुद्धा
घरी येईतो थोडा जुना झालेला.
डाव्या मनगटावर बोटं ठेवतो,
फिस्टुला घुरघुरतोय,
मोरीतून पाणी जावं तसा.
ह्याला कुठली पट्टी लावू?

पुढल्या महिन्यात तपासणीच्या दिवशी
पुन्हा रोशनची पाळी.
सिरिंज घेऊन आला, घाईत,
कानात वायर.
म्हटलं, पंप मंद कर.
"काका, आकडा पडेल तुमचा."
पडू दे.
त्याने माझ्याकडे बघितलं,
एक वायर काढली, बटण फिरवलं.
मी मोठ्याने सुरू केलं, एक, दोन.
सातपासून शेजारच्या खाटेवरचे दाणी सरही लागले,
गणिताचे शिक्षक होते सिन्नरला,
सारखे एक आकडा पुढे पळतात,
मी त्यांना मागे आणतो,
सर, दहा. अजून दहाच.